पात्यावरची वाफ

बसा असे, दिव्याच्या पलीकडे. लाइट काही इतक्यात येत नाही. आमच्या शिरूरला उन्हाळ्यात संध्याकाळची गेली की ती जेवणं उरकल्यावरच उगवते. आणि हो, मी अधूनमधून चष्मा पुसत राहीन, तिकडे लक्ष देऊ नका. सवय लागली आहे.

तसा मी खोड काढणाराच माणूस. रांजणगावच्या एका कारखान्यात पॉलिश तपासण्यात माझा जन्म गेला. गाड्यांच्या हेडलाइटच्या काचा ज्या साच्यात तयार होतात, तो साचा आतून आरशासारखा लखलखीत लागतो. त्यावर केसाएवढा ओरखडा राहिला तर तो हजारो काचांवर उमटतो. साचा झाला की नाही, हे मी ठरवायचो. पोरं तोंडावर ‘सोपानराव सर’ म्हणायची आणि पाठीमागे ‘खवट’. पहिल्या खेपेला मी कधीच कुणाचं काम पास केलं नाही, हे खरं आहे, आणि मला त्याचा अभिमानही आहे. लग्नात पंगतीला बसलो तरी मी ताट दिव्याकडे तिरकं धरून बघतो. आमच्या हिने त्यापायी माझ्याबरोबर लग्नाला येणं सोडलं.

कंपनीने मला एकदा जपानला धाडलं होतं, शिकायला. तिथले एक वयस्कर तपासनीस, हामादा-सान, सुट्टीच्या दिवशी मला तलवारी बघायला न्यायचे. तलवार बघायची म्हणजे भिंतीवर टांगलेली नाही बघायची. खोली अंधारी करायची, एकच पिवळा बल्ब लावायचा, पातं हातात घेऊन त्या उजेडाखाली हळूहळू सरकवायचं. उजेडाची रेघ पात्यावरून पाण्यासारखी सरळ वाहिली पाहिजे. कुठे वाकली, थरथरली, तर तिथे घासायचा दगड कमीजास्त बसला. कडा बोथट झाल्यात का, आधीच्या खरखरीत दगडाचा ओरखडा राहिलाय का, धारेलगतची पांढरी लाट खरी आहे का नुसती अॅसिडने काढलीय, हे सगळं तो एक बल्ब सांगतो. आणि सगळ्यात पहिला नियम तोंडाचा. बघताना बोलायचं नाही. हामादा-सान दातांत कागदाची घडी धरायचे. माणसाचा श्वास पात्यावर पडला की वाफ धरते, आणि वाफेने गंज चढतो. मला त्यात एवढंच कारण दिसलं होतं.

तर गेल्या वर्षीची गोष्ट. एप्रिल संपत आला होता. सकाळी दाढी करत होतो आणि फोन वाजला. सत्यजीतची बायको सुलक्षणा बोलत होती. सत्यजीत माझ्या हाताखालून गेलेल्या पोरांत सगळ्यात चांगला हात. पुढे तो कुरकुंभला लागला, औषधाच्या कारखान्यातल्या स्टीलच्या टाक्या आतून घासून चकचकीत करायच्या कामाला. घर दौंड तालुक्यात, भीमेच्या काठच्या वस्तीवर.

“मामा, ह्यांनी घरातली तलवार घासायला घेतलीया,” ती म्हणाली. “आजोबांची. जपानी हाय म्हनत्यात. तुमी एकदा येऊन बगा.”

“झाली का पुरी?”

“आमाला झाल्यागत दिसतीया. ह्यांना न्हाई दिसत.” मग म्हणाली, “तुमी पास म्हनलं की थांबतील, मामा. दुसऱ्या कुनाचं ऐकनार न्हाईत.”

मी मनात म्हटलं, बाईला माझा स्वभाव माहीत नाही. पण जपानी तलवार, आणि तीही सत्यजीतच्या हातची! मी तोंडावरचा फेस पुसला, अर्धी दाढी तशीच ठेवून होकार दिला आणि मग उरलेली केली.

गाडीवर निघालो. न्हावऱ्यावरून पारगावचा पूल ओलांडला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. उसाच्या रिकाम्या ट्रॉल्या खडखडत चालल्या होत्या, पुलाखाली नदीवर जलपर्णीची हिरवी गोधडी पसरलेली. हवा इतकी कोरडी, की ओठ चाटले तर पुढच्या खांबापर्यंत सुकायचे. हे कोरडं ऊन लक्षात ठेवा. त्या दिवशी आमच्या भागात कशावरही वाफ धरायचं काही कारण नव्हतं.

घर नवं होतं, स्लॅबचं, पुढे फरशीची ओसरी. ओसरीवर एक म्हातारी बसली होती. सत्यजीतची आत्या, चांगुणाबाई. तिने पदर नाकातोंडावरून घेऊन मागे घट्ट खोचला होता. मला वाटलं, आजारी असेल.

“आत जाताना तोंड बांदा,” ती पदराआडून म्हणाली. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

“बांधतो की आत्याबाई. मी जपानात शिकलोय ते. पण तुम्हाला कुणी शिकवलं?”

“आबांनी. आमच्याकडं दसऱ्याला तिची पूजा करताना समदे तोंड बांधत्यात. तिच्याम्होरं उघड्या तोंडानं बोलायचं न्हाई. त्याला कळतं, कोन हाय ते.”

“कुणाला?”

तेवढ्यात सुलक्षणा पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि हातपाय धुवायच्या निमित्ताने मला मागच्या नळाकडे घेऊन गेली. पोरगी पार उतरली होती. डोळ्यांखाली काळं.

तिने सांगितलं ते असं. सत्यजीतचे आजोबा हौसराव दुसऱ्या महायुद्धात फौजेतून ब्रह्मदेशात गेले होते, तिथून त्यांनी ही तलवार आणली. आल्या आल्या तिला शेंदूर फासला, मारुतीला फासतात तसा, तेलात कालवून. दर दसऱ्याला वर आणखी एक थर. इतक्या वर्षांत ती तलवार राहिलीच नव्हती, लाल दांडकं झालं होतं. त्याआधीच्या दिवाळीत त्या शेंदराची खोळ आपोआप सुटली आणि तळहाताएवढं पोलाद उघडं पडलं. देवाची खोळ पडली तर माणसं ती नदीत सोडतात आणि नवा शेंदूर लावतात. आत्या तेच म्हणत होती. पण सत्यजीत पडला पॉलिशवाला. त्याला ते पोलाद दिसलं आणि राहवलं नाही. उरलेला शेंदूर त्याने खरवडून काढला, दगड मागवले आणि कामावरून आला की त्या खोलीत बसायला लागला.

“मग बिघडलं कुठं?” मी विचारलं.

“पॉलिश झालं की त्याच्यावर वाफ येती म्हनत्यात. मंग ते पुन्हा घासत्यात. त्यांना वाटतं, आपल्याच तोंडाची वाफ बसती. म्हनून मामा…” तिने आवाज इतका खाली आणला की मला वाकावं लागलं, “ते श्वास धरून घासत्यात. आधी जरा येळ धरायचे. आता लई येळ. आन् आता झोपेत बी धरत्यात. मी हात ठिवून बसती छातीवर. हलवलं की घेत्यात. एखाद दिशी माजा डोळा लागंल आन्…”

तिने नळ घट्ट पिळला.

“दवाखाना?”

“समदं केलं. फुप्फुसं चांगली हायेत म्हनत्यात. तुमी निस्तं पास म्हना, मामा. काम संपलं म्हनून सांगा त्यांना. मी पाया पडती तुमच्या.”

मी म्हटलं, बघतो. खरं सांगायचं तर मी तेव्हाच ठरवलं होतं. आयुष्यात एकदा खोटं पास म्हणायचं. पोराच्या जिवापुढे माझं पॉलिश काय चुलीत घालायचंय?

खोली घराच्या मागे, पूर्वी कडबा ठेवायची. खिडक्यांना आतून शेतातला मल्चिंगचा काळा कागद ठोकलेला. मी रुमालाची घडी करून दातांत धरली आणि आत गेलो. दार लागलं आणि भर दुपारची अमावस्या झाली. एक बल्ब, खाली पाण्याची बादली, ओळीने मांडलेले दगड. ओल्या दगडाचा वास होता आणि त्याच्या खालून शिळ्या तेलाचा, मारुतीच्या देवळात येतो तसा. दगड आणि बादली तिथे असूनही हवा कोरडी ठणठणीत होती. पत्रा वरून तापून टकटक वाजत होता.

सत्यजीत उठून उभा राहिला. एवढा मोठा गडी, नुसती हाडं राहिली होती. ओठ निळसर. त्याने वाकून नमस्कार केला आणि एकदाचा श्वास घेतला, मोठा, पाण्यातून वर आल्यासारखा. मग बोलला.

“बरं झालं सर. तुमच्याशिवाय… कुनाला कळायचं न्हाई.”

एवढ्याला त्याला दोनदा थांबावं लागलं. मी मान हलवली. त्याने दोन्ही हातांनी पातं माझ्याकडे दिलं, मुठीकडचा भाग कापडात गुंडाळलेला, आणि तो दाराशी जाऊन उभा राहिला. खोलीत त्याच्या श्वासाचा आवाज नव्हता.

मी पातं बल्बखाली धरलं.

काय सांगू तुम्हाला! मी जपानात तलवारी बघितल्या, हामादा-सान ज्यांच्यापुढे गुडघे टेकायचे तशाही बघितल्या. पण उजेडाची रेघ अशी वाहताना पाहिली नव्हती. मुठीपासून टोकापर्यंत कुठे अडली नाही, वाकली नाही. कडा जागच्या जागी, बोटाला नुसत्या बघूनच लागतील अशा. धारेलगत पांढरी लाट, आणि लाटेच्या आत बारीक बारीक दाणे चमकत होते. टोकाचा तुकडा वेगळा घासावा लागतो, तिथे भले भले हात चुकतात. तिथे मला एक ओरखडा सापडला, खूप शोधल्यावर, नखाच्या कडेएवढा. माझा ऊर भरून आला. हा पोरगा माझ्या हाताखाली शिकला होता.

आणि मग टोकाकडून वीतभर अलीकडे धूसर झालं.

माझं पहिलं म्हणणं, तेल राहिलं असेल. कापसाने पुसलं. लख्ख झालं. पुन्हा उजेडात धरलं. पुन्हा तिथेच धूसर. आधी रुपयाएवढं, मग तळहाताएवढं, मग आक्रसत गेलं आणि नाहीसं झालं. थोडं थांबून पुन्हा आलं. मी रुमाल घट्ट चावला होता, श्वास नाकाने, तोही मान वळवून घेत होतो. मग तोही धरला. वाफ येत राहिली. वाढायची, आक्रसायची. झोपलेल्या माणसाची छाती जशी वरखाली होते, त्या संथपणे.

पॉलिशचा दोष हलत नसतो. इतक्या वर्षांत मी जे दोष पाहिले ते सगळे एका जागी मुकाट बसलेले होते.

मी पातं उलटं केलं. वाफ दुसऱ्या अंगावर आली. म्हणजे कुठलंही अंग फिरवा, जे माझ्याकडे असेल त्यावर ती यायची. पलीकडच्या बाजूला कधीच नाही. माझं तोंड आणि पातं यांच्यामध्ये हातभर जागा होती. जे काही होतं ते त्या हातभर जागेत होतं.

“दिसलं न्हवं, सर?” दाराकडून आवाज आला.

मी पातं खाली ठेवलं, त्याच्यापासून तोंड फिरवलं आणि रुमाल काढला. ठरवलेलं बोललो.

“पास. काम झालं तुझं, सत्यजीत. आता एक दगड लावू नकोस.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मग हसला. मला ते हसू अजून दिसतं.

“सर, तुमी… पहिल्या खेपेला… कवा पास केलंय कुनाला?”

घ्या! इतकी वर्षं ज्याचा तोरा मिरवला तोच आडवा आला. मी पुन्हा पुन्हा सांगितलं, शपथ घेतली, टोकाजवळचा तो ओरखडाही दाखवला, की बघ, एवढाच दोष आहे. तो ओरखडा त्याला माहीत होता. त्याने मान डोलावली, दगड पाण्यात बुडवला, आणि पात्यापुढे बसून श्वास धरला.

दगड चालू लागला. बारीक, गोड आवाज. मी वाट बघत होतो की हा आता श्वास घेईल, आता घेईल. त्याच्या मानेची शीर फुगली, ओठांचा निळा रंग गालांवर चढला. हात मात्र थांबला नाही, लयीत चाललाच होता. आणि त्याच्या हाताखाली, ओल्या पात्यावरच्या कोरड्या टोकाला, वाफ आरामात येत-जात होती. खोलीत दोन माणसं होती आणि श्वास तिसऱ्याचाच चालला होता.

मी त्याला खांद्याला धरून गदागदा हलवलं तेव्हा त्याने श्वास घेतला. घेतला आणि पुन्हा धरला. मी बाहेर पळालो. लाज कसली त्यात, पळालोच.

ओसरीवर चांगुणाबाई तशीच बसली होती. तिच्यापुढे एक कटोरी, ताटलीने झाकलेली. मी धापा टाकत तिच्यापुढे बसलो.

“आत्याबाई, तुमच्या आबांनी शेंदूर का फासला होता? खरं सांगा.”

तिने आजूबाजूला बघितलं. सुलक्षणा दारात येऊन उभी राहिली होती. म्हातारी पदर न काढता बोलू लागली, एकेक शब्द तोलून.

“लढाई सपली व्हती. जपानी पकडलेले, तळावर ठिवलेले. त्यांच्यातला एक सायब तापानं पडला. आबा पहाऱ्याला. त्यो सायब रोज सांजच्याला ही तलवार पुसायचा, तोंडात कागुद धरून. मंग एक दिस त्यो उठंना. मेला का जित्ता, कळंना. आरसा कुटला आनायचा तितं? आबांनी ह्येच पातं काढलं आन् त्याच्या नाकाखाली धरलं.”

“मग?”

“वाफ धरली. म्हंजी जित्ता. आबा थांबले. लई येळानं पुन्यांदा धरलं. पुन्यांदा वाफ. अंग गार पडलं, हातपाय लाकडागत झाले, माश्या आल्या… तरी पात्यावर वाफ येतच व्हती.”

“मग पुरला कधी त्याला?”

म्हातारीने डोळे मिटले. “पुरला,” ती म्हणाली. “वरचा हुकूम आला, मंग पुरला. आबांनी लोटली माती. पातं हातात व्हतं त्यांच्या. माती लोटल्यावर बी…”

सुलक्षणा भिंतीला टेकून खाली बसली.

“शेंदूर लावला की दिसत न्हाई,” चांगुणाबाई म्हणाली. “दिसलं न्हाई की मानूस त्याच्या नादी लागत न्हाई. मी रोज कालवून ठिवती. सत्या हात लावू देत न्हाई मला. तुमचं ऐकंल.” तिने कटोरीवरची ताटली काढली. आत ताजा शेंदूर होता, तेलात कालवलेला, लालभडक.

मी कटोरी उचलली.

खोलीत गेलो तेव्हा सत्यजीत कलंडला होता, पण हात दगडावरच. सुलक्षणाने त्याला मागून मिठी घातली आणि ओढलं. तो दुबळा झाला होता, तरी पात्याकडे झेपावत होता. मी पातं उचललं आणि बल्बखाली धरलं. वाफ होतीच.

“सत्यजीत, इकडे बघ,” मी ओरडलो. “तुझं काम मी तपासलंय. असं पॉलिश मी जन्मात पाहिलं नाही. त्या ओरखड्यासकट पास! खोटं नाही बोलत आता. पण ही वाफ तुझ्या पॉलिशची नाही. ती दगडाने जाणार नाही. तुझी नाही ती, कळलं का?”

तो थांबला. माझ्याकडे बघितलं. या खेपेला त्याला पटलं असावं, कारण त्याचे डोळे भरले. “मंग कुनाची, सर?” त्याने विचारलं.

शेंदूर लावायला कापड बघितलं, मुठीला गुंडाळलेल्या चिंधीखेरीज जवळ काही नव्हतं. हातात रुमाल होता तोच कटोरीत बुडवला आणि मुठीच्या बाजूने फासायला सुरुवात केली. तुम्हाला वाटेल, शेंदूरच तर फासायचा. पण मी पॉलिशवर जगलेला माणूस. ती वाहती रेघ, ती पांढरी लाट, ते दाणे, एकेक करून माझ्या हाताने मी लाल चिखलाखाली घातलं. आईच्या चितेला अग्नी देतानाही मी एवढा रडलो नव्हतो. रडत होतो आणि बोलत होतो, झालं रे, झालं, आता झालं, असं काहीबाही. टोकाजवळ पोचलो तेव्हा हाताच्या पाठीला ओल लागली. गार. कुणीतरी अगदी जवळून सुस्कारा सोडावा तशी. मी तिथे दुप्पट शेंदूर थापला.

आणि मागे सत्यजीतने श्वास घेतला. मोठा, आवाज करत, मग दुसरा, मग तिसरा, लहान मूल रडून थकल्यावर घेतं तसे. सुलक्षणा त्याला धरून हसत होती आणि रडतही होती.

बाहेर आलो. चांगुणाबाईने मांडीवर सोवळं पसरलं, त्यात पातं ठेवलं. हात कोपरापर्यंत लाल. म्हातारीने पात्याकडे बघितलं, समाधानाने मान हलवली, तोंडावरचा पदर सोडला. किती दिवसांनी तिचं तोंड बघायला मिळालं असेल घरातल्यांना! मग तिची नजर माझ्या हातातल्या रुमालावर गेली.

“ह्यो तोंडाचा रुमाल न्हवं?”

“हो. दुसरं कापड नव्हतं जवळ.”

“मंग लावताना तोंड…”

“उघडंच होतं.”

“बोललात का काय?”

मी रुमालाची घडी करू लागलो. ती माझ्याकडे, म्हणजे माझ्या तोंडाच्या जरा पुढे, हातभर जागेत बघत होती. मग तिने सोडलेला पदर उचलला, पुन्हा नाकातोंडावरून घेतला आणि घट्ट खोचला. पातं तर आता तिच्या मांडीवर शेंदराखाली होतं.

चहालाही न थांबता निघालो. ऊन कललं होतं. पारगावच्या पुलावर चष्म्याची डावी काच अंधुक झाली. नदीची दमट हवा म्हणावी तर वारा अजून भट्टीसारखा कोरडा होता. गाडी कडेला घेतली, चष्मा काढला, शर्टाला पुसला. पुसताना बोटांना कळलं की ओल काचेच्या बाहेरच्या बाजूला आहे. आपल्या तोंडाची वाफ आतून धरते. तोंडाला रुमाल बांधणाऱ्या कुठल्याही चष्मेवाल्याला विचारा. ही बाहेरून होती. न्हावऱ्यापर्यंत मी पुन्हा पुन्हा थांबलो.

आठवड्याने सुलक्षणाचा फोन आला. “मामा, घोरत्यात आता! समदी वस्ती जागी करत्यात.” मी इतका हसलो की आमची ही स्वयंपाकघरातून बाहेर आली. खरंच सांगतो, आनंद झाला मला. अजूनही होतो. सत्यजीत पुन्हा कामावर जातो, अंगाने भरलाय, दसऱ्याला तोंड बांधून पूजा करतो. मला बोलावलं होतं. मी गेलो नाही.

मी आपला हिशेब लावत बसतो. त्या खोलीत वाफ माझ्या बाजूने पात्यावर यायची. म्हणजे तो साहेब माझ्यापुढे उभा होता, माझ्याकडे पाठ करून, आपल्याच पात्यात बघत. आता पात्यावर शेंदूर आहे. त्यात बघायला काही राहिलं नाही. आणि मागून कुणीतरी उघड्या तोंडाने बोलत होतं. मग माणूस काय करेल? वळेल, दुसरं काय!

हे मी हिला सांगितलेलं नाही. तीच मला सांगते, की मी हल्ली झोपेत श्वास धरतो. हलवलं की घेतो म्हणे. बिचारी जागत बसते.

दिवा जरा माझ्याकडे सरकवा. तुम्ही तिथेच बसा, पुढे वाकू नका. मी तोंडावर रुमाल धरतो, नाक दाबतो. आता काचांकडे बघत राहा…

दिसलं? पूर्वी डाव्याच काचेवर यायची. या पंधरवड्यात दोन्हींवर येते.

काढून का ठेवत नाही म्हणता? ठेवून बघितला की. पण मग ती थेट डोळ्यांवर येते, आणि फार गार असते.